पापडाबद्दल चार गाईंचं मत

तांबू नावाच्या गाईने खाल्लेल्या चाऱ्यापैकी ब्याण्णव टक्के चारा पचवला. बेलवलीत आमच्या गोठ्यात हा निकाल जाहीर झाला तेव्हा जनूकाकाने तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि मी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. फोटोत ती माझ्यापेक्षा हुशार दिसते.

असं काही झालेलं नाही. तांबू, हार, फोटो, ब्याण्णव, सगळं विसरून जा. आमच्या घरात हा विषय निघाला की काकी उठून मिक्सर लावते, मग त्यात वाटायला काही असो वा नसो. तेव्हा नीट पहिल्यापासून सांगतो.

जनूकाका माझा सख्खा चुलता. त्याच्याकडे चार गाई. बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत जिथे त्याचा गोठा आहे तिथे आधी चारी बाजूंनी भातशेती होती. आता तीन बाजूंनी टॉवर आहेत आणि चौथ्या बाजूला टॉवरचं पार्किंग. गाई बाहेर पडल्या की त्यांना हिरवं म्हणून जे दिसतं ते सोसायटीचं लॉन असतं, आणि लॉनला वॉचमन असतो. त्यामुळे पेंढा विकतचा, पेंडही विकतची. गणपती बुडवून आला त्या दिवशी काकाने ठरवलं की दिवाळीच्या पाडव्याला गाई मुरबाडकडे कैलासला देऊन टाकायच्या. कैलास त्याचा थोरला जावई. त्याच्याकडे माळ आहे, ओढा आहे, वॉचमन नाही.

"गाईंना तिकडं बरा वाटंल," काका म्हणायचा आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

हे मान्य नव्हतं ते एकट्या नेत्राला. नेत्रा काकाची धाकटी. मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजात ती जनावरांच्या आहाराचं शिकते. एका रविवारी ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून रिक्षात एक गोणी घालून आली आणि ओटीवर उपडी केली. आत पापड. म्हणजे पापडाच्या कडा, तुकडे, भुगा, कारखान्यात लाटताना-वाळवताना जे जे मोडतं ते सगळं.

"उडदाचं पीठ आहे, बाबा. पेंडेऐवजी हे घालू. थोडं थोडं, पेंढ्यात मिसळून. खारट आहे म्हणून पाणी जास्त ठेवायचं, बस."

काकाने एक तुकडा उचलला, हुंगला, खाल्ला. "भाजलेला नाय."

"गाईला भाजून कोण देतं?"

"पोरी, यो मानसाचा खाना. गायच्या एका बाजूनं जाल नि दुसऱ्या बाजूनं तसाच भायेर येल. पोटात राहील क त्यातला काय?"

काकाने हे चिडून विचारलं होतं. नेत्रासाठी मात्र तो तिच्या पेपरातला प्रश्न निघाला.

"मोजता येतं ना ते! आत किती गेलं ते तोलायचं, बाहेर किती आलं ते तोलायचं. वजाबाकी केली की गाईत राहिलं ते कळतं."

"भायेर आलेला कोन तोलनार?"

बाप-लेक दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी अल्पेश. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये दुपारपाळीला असतो. ड्रममधून सॅम्पल काढायचं, तोलायचं, ओव्हनमध्ये सुकवायचं, परत तोलायचं, हा माझा धंदा. नेत्राच्या मते शेण हेसुद्धा सॅम्पलच. शेणाचं मत वेगळं असल्यास त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही.

अट ठरली. पापडाचा चारा जुन्या चाऱ्याइतका पचला, तर गाई बेलवलीत राहतील. कमी पचला, तर पाडव्याला कैलासचा टेम्पो. काकाने हे काकीसमोर, म्हणजे गोदूबाईसमोर कबूल केलं. आमच्या घरात तिच्या वरचं कोर्ट नाही.

त्या आठवड्यात नेत्राची कॉलेजात परीक्षा होती. जाताना ती मला बजावून गेली की चारही गाईंवर कर. मी तांबूवर केलं. तांबू स्वभावाने शांत, आणि बाकीच्या तिघींच्या वतीनेही ती बोलेल असं मला वाटलं. तिला पापडाचा चारा घातला, मागे हिरवा टब ठेवला, पडेल ते शेण टबात. सकाळी टब तोलायचा, शेण कालवायचं, डबीभर सॅम्पल कंपनीत नेऊन ओव्हनमध्ये सुकवायचं. आठवड्याअखेर वजाबाकी केली आणि जे आलं ते आलं. तेव्हाच तो हार वगैरे, जे झालेलं नाही.

नेत्रा परत आली, आकडा बघितला आणि ओटीवर खालीच बसली.

"अल्प्या, पेंढा आहे रे त्यात! पेंढा! ब्याण्णव टक्के तर आपल्याला शिरा पचत नाही. शेण कमी भरलंय. कुठे गेलं शेण?"

"कंचा, टपातला क?" काकी आतून म्हणाली. "त्यो मी नेतंय ना रोज सकाली. अंगन सारवाया, गोवऱ्या थापाया. मी बोलली, पोरगा शाना झाला, काकीसाठी टपात भरून ठेवतो."

मग काकाने जाऊन तांबूच्या गळ्यातला हार काढला. निम्मी फुलं तिने आधीच खाल्ली होती, म्हणजे तोही हिशेब गेला.

"आता चारही गाई," नेत्रा म्हणाली. "दोघींना जुना चारा, दोघींना पापडाचा. मग अदलाबदल. प्रत्येकीने दोन्ही खायचे."

"चार गाई, दोन येला," काका बोटांवर मोजत म्हणाला. "आठ आकडं येतील. त्यातला खरा कंचा?"

"एकटा कुठलाच नाही. सगळे मिळून."

"एक खरा नाय, त आठ कसं खरं होतील? आठ खोटं होतील!"

नेत्राने तोंड उघडलं होतं, पण काकीने तिला हाताने थांबवलं. "आवो, मना बघाया तुमच्याकडना कती जना आलेली?"

"सात."

"सात कशाला? तुमचा मामा बोलला, पोर काली हाय. आत्या बोलली, लय उंच हाय. तुमच्या बापाला चा गोड लागला म्हून त्यो बोलला, पोर चांगली. सगल्यांचा मिलून ठरला ना? एकला मामा आला असता त?"

काका विचारात पडला. "एकला मामा आला असता त..." तो फार हळू म्हणाला. पुढचं वाक्य त्याने गिळलं. ते पूर्ण पचलं असावं, कारण पुन्हा कधी बाहेर आलं नाही.

दुसऱ्यांदा प्रयोग लावला तो असा की आमचंच घर आम्हाला ओळखू येईना. चार गाईंमागे चार रंगांचे टब. तांबू, चंद्री, मोगरी आणि काळी. चंद्री पांढरीशुभ्र, तिला नुकतंच वासरू झालेलं. मोगरी कशातच नसते, खाते आणि भिंतीकडे बघते. काळीला एकच शिंग आहे, आणि दोन शिंगांनी होईल तेवढं नुकसान ती त्या एकातून भरून काढते. मी कंपनीत असलो की टबांवर काकीची राखण. तिने नियमच केला, "आदी वजन, मंग शेन." गोवऱ्यांसाठी हक्काने शेण न्यायला आलेल्या शेजारच्या बनूबाईला तिने नियम ऐकवून परत पाठवलं. एकदा मीच न तोलता टब उचलला तर मलाही ऐकवला. गाय शेपूट उचलते ती दर वेळी शेणासाठीच असं नाही, हे मी या काळात अंगावर घेऊन शिकलो.

पापड आणायचं कामही माझ्याकडे होतं. कॅम्प तीनचा गोबिंदराम तुकडे फुकट द्यायचा, पण फुकटातही गिऱ्हाइकाची आवड विचारायचा.

"साईं, गाय मिरीवाला खाएगी या जीरा?"

"कुछ भी चलेगा, अंकल. बस एक जैसा दो."

"एक जैसा तो शादी में चाहिए होता है! ले, ये लसूणवाला भी ले जा. पंजाबी भी पड़ा है."

लसूणवाला मी नेला. दोन दिवसांनी काकाने सकाळचा चहा तोंडाला लावला, थोडा वेळ थांबला, आणि काकीकडे भाकरी मागितली. त्यानंतर नेत्राने लसूण बंद केला, गोबिंदरामला स्वतः फोन करून फक्त साध्या उडदाचा माल लावून घेतला आणि घड्याळ मागे फिरवून पहिल्या दिवसापासून सुरू केलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. मी म्हटलं, हे तू नवरा शोधताना पण पाळ. तिने मला टब फेकून मारला. टब रिकामा होता, म्हणून प्रयोगाला धक्का लागला नाही.

पहिली फेरी झाली. अदलाबदल झाली. दुसऱ्या फेरीत, ओव्हनमध्ये डब्या लावून मी वही भरत बसलो होतो तेव्हा श्यामकांत सर लॅबमध्ये आले. सर आमचे क्वालिटीचे साहेब. त्यांनी दारातच नाक वर केलं.

"अल्पेश, ओव्हनमधून वास येतोय. कसलं सॅम्पल?"

"बाहेरचं आहे, सर."

"कुठल्या पार्टीचं?"

"चंद्रीचं."

सरांनी ओव्हन उघडला. डब्यांवर नावं होती. त्यांनी एकेक वाचली. तांबू. चंद्री. मोगरी. काळी. मला वाटलं, नोकरी गेली.

"प्रत्येकीचं एकच घेतलंस?"

"नाही सर. तीन-तीन."

सरांचा चेहरा निवळला. सरांना चुकीचं काम चालतं, एकदाच केलेलं चालत नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं विचारून घेतलं. गाई किती, किती दिवस, शेण कालवतोस का नुसतं वरचं उचलतोस. शेवटी म्हणाले, "आणि हा गोठा आहे कुठे?"

"बेलवलीत, सर. तुमच्या पार्किंगच्या मागे."

सर त्या टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर सात वर्षं राहतायत. गाईंचं हंबरणं त्यांना रोज ऐकू यायचं, पण तो वरच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी रिंगटोन आहे असा त्यांचा समज होता.

इथून पुढे जे झालं ते सरांनी घरी जाऊन बायकोला सांगितल्यामुळे झालं. सुहासिनीकाकू दरवर्षी वसुबारशीला पूजेसाठी गाय-वासरू शोधतात. दिवाळीचा तो पहिला दिवा, सगळ्या टॉवरला लावायचा असतो, पण टॉवरमध्ये गाय कुठून येणार? गेल्या वर्षी काकूंनी दुधाच्या पिशवीवर छापलेल्या गाईला ओवाळलं होतं. पिशवीला वासरू नव्हतं, म्हणून शेजारी अर्ध्या लिटरची ठेवली होती. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "आपल्या कंपाउंडमागे चार जिवंत गाई आहेत. वसुबारस, संध्याकाळी सहा. नैवेद्य आपापला आणावा."

वसुबारस नेमकी आमच्या शेण गोळा करायच्या दिवसांत येत होती.

"पुरण आणणार!" नेत्रा गोठ्यात येरझाऱ्या घालत होती. "उडदाचे वडे, बाजरीची भाकरी, गवार, गूळ! सगळे त्या पांढऱ्या चंद्रीला भरवणार. तिने दहा ताटं खाल्ली आणि काळीने एकही नाही, तर आपण चारा मोजतोय का पुरण? अख्खी फेरी पाण्यात. परत करायला दिवस कुठायत? पाडव्याला टेम्पो येतोय!"

"मग नाही म्हणू त्यांना."

"बाबांना सांग तू."

मी सांगितलं. काकाने माझ्याकडे असं बघितलं जसं मी गाय विकून कुत्रा आणायला सांगितलाय.

"वसुबारशीला गायच्या पुढ्यातला ताट परत धाडू? मेल्यावर मना त्या नदीतना गायचीच शेपटी धरून पार जायचा हाय. मधी थांबून तिनं इचारला, जनू, माजा ताट कोनी परत केला, त काय सांगू? तुज्या ओव्हनचा नाव सांगू?"

तो म्हणत होता त्या ठिकाणी ओव्हन उपयोगाचा नाही.

नेत्रा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोगरीसारखी भिंतीकडे बघत बसली होती, आणि एकदम उठली.

"थांबवता येत नाही ना? मग सारखं करूया. चौघींच्या पोटात सारखंच पुरण गेलं, सारखीच भाकरी गेली, तर जुन्या-नव्यातला फरक आहे तिथेच राहील. लोकांनी गाय निवडायची नाही. चिठ्ठीने."

वसुबारशीला सहाच्या आधीच रांग पार्किंगपर्यंत गेली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष झब्ब्यांत, हातात तबकं आणि स्टीलचे डबे. श्यामकांत सर लॅबचा पांढरा कोट घालून, स्वयंपाकघरातला काटा घेऊन स्टुलावर बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

"लक्ष द्या. प्रत्येक घराने एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत जिचं नाव तिलाच नैवेद्य. ताट आधी काट्यावर. प्रत्येक गाईला सारखं वजन. जास्तीचं या पातेल्यात."

"आम्हाला ती पांढरी हवी हो, वासरूवाली," पहिल्याच बाई म्हणाल्या.

"पांढरी सगळ्यांना हवी आहे, मॅडम. म्हणूनच चिठ्ठी."

"देवाचं पण लकी ड्रॉ केलंत का?"

"हो," सर म्हणाले. "पुढचे."

दहा मिनिटांत चिठ्ठ्यांचा काळाबाजार सुरू झाला. "तुमच्याकडे चंद्री आहे का? मी मोगरी देतो." "मोगरी नको, तिने आमच्याकडे बघितलं पण नाही." "दोन तांबूच्या बदल्यात एक चंद्री, बोला लवकर." नेत्राने दोघांना पकडलं आणि रांगेच्या शेवटी पाठवलं. पातेल्यात उरलेले वडे माझ्या वाट्याला आले. माझी पचनीयता कुणी मोजली नाही.

मग खरी अडचण निघाली. वसुबारस म्हणजे गाय आणि वासरू. वासरू एकट्या चंद्रीला.

"नुसत्या गाईला कसं ओवाळायचं?" तांबूच्या रांगेतून ओरड झाली. "मग पिशवी काय वाईट होती?"

म्हणून आम्ही वासरू ड्युटीवर लावलं. तोंडाला मुसकं बांधलं, त्याने कुणाचं काही खाऊ नये म्हणून, आणि दोरीने धरून मी त्याला एकेका गाईशेजारी उभं करत निघालो. तांबूने त्याला शेजारचं समजून खपवून घेतलं. मोगरीला ते आल्याचं कळलं नाही. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा तबकं फिरायची, फोटो व्हायचे, आणि वासरू पुढच्या आईकडे.

काळीच्या अलीकडे काकाने माझा दंड धरला.

"हिच्याकडं नको."

काळीचं वासरू मागच्या पावसाळ्यात गेलं. तेव्हापासून तिने कुठल्याच वासराला जवळ उभं केलेलं नाही. चंद्रीचं हेच वासरू एकदा चुकून तिच्याजवळ गेलं होतं तर तिने त्याला गव्हाणीपलीकडे भिरकावलं होतं.

काळीच्या रांगेत सुहासिनीकाकू पहिल्या होत्या. काटा त्यांच्या नवऱ्याचा, तरी चिठ्ठी त्यांना काळीची आली होती. चंद्रीची चिठ्ठी घ्या म्हणून कुणीतरी पुढे करत होतं, ती त्यांनी घेतली नाही.

"राहू दे हो वासरू," त्या म्हणाल्या. "मी नुसतं हिलाच ओवाळते. हिची पण दिवाळी आहेच की."

त्या तबक उचलत होत्या तेवढ्यात वासरू माझ्या दोरीला हिसका देऊन पुढे गेलं. सरळ काळीच्या गळ्याखाली. काळीने मान खाली घातली. नाकातून मोठा श्वास सोडला. काका पुढे झाला, मी दोरी ओढली, आणि काकू मधोमध तबक धरून तशाच उभ्या राहिल्या.

काळीने त्याचा कान चाटला. मग थांबली. मग परत चाटला, आणि तिथून मानेपर्यंत आली, सावकाश, जसं काही तिला दुसरं काम नव्हतं.

सरांच्या काट्यावर कुणाचं तरी ताट तसंच राहिलं होतं. काका पाण्याची बादली भरायला म्हणून मागे वळला. बादली भरलेलीच होती. तो ती घेऊन बराच वेळ नळापाशी उभा होता.

"काय खायला घालता हो हिला?" काकूंनी हलक्या आवाजात विचारलं.

"पापड," मी म्हणालो.

नेत्रा माझ्या शेजारी आली. तिचे डोळे ओले होते आणि आवाज एकदम कोरडा. "हे निकालात धरायचं नाही, अल्प्या. एकदाच झालंय."

"बघितलं ना सगळ्यांनी?"

"बघितलं. पण एकदाच."

त्यानंतर टॉवरच्या बायकांना उंबऱ्यात लावायला ताजं शेण हवं झालं, आणि काकीने त्यांनाही नियम सांगितला. आधी वजन, मग शेण. नैवेद्याची रांग संपली तिथून शेणाची रांग सुरू झाली, आणि मला वाटतं बेलवलीत एवढ्या चांगल्या साड्यांत एवढ्या शिस्तीने शेणासाठी कुणी कधी उभं राहिलं नसेल.

पुढचे टब भरले, तोलले गेले. कंपनीला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत सरांनी शेवटच्या डब्या स्वतःच्या हाताने ओव्हनबाहेर काढल्या. पाडव्याच्या सकाळी कैलास टेम्पो घेऊन आला. टेम्पोला फुलं लावली होती, आत पेंढा पसरला होता. चांगला माणूस आहे, गाईंसाठी गादी घालून आला होता. त्याला बघून काका अंघोळीला गेला आणि बाहेरच येईना.

शेवटी आला. ओटीवर बसला. नेत्रा समोर उभी.

"बोल."

"नवा चारा अठ्ठावन्न टक्के पचला. चौघींचा मिळून."

काकाचा चेहरा पडला. "अठ्ठावन? पयला त ब्याण्णव..."

आत मिक्सर सुरू झाला. आम्ही तो बंद व्हायची वाट बघितली.

"आणि जुना चारा, बाबा, सत्तावन्न."

मला वाटलं, आकड्यांनी काम होणार नाही. मी पुढे सरकलो.

"काका, असं बघ. तांबूला पापड दोन टक्के जास्त पचला. मोगरीला तीन जास्त. काळीला सारखाच. आणि चंद्रीला एक टक्का कमी पचला. एकट्या चंद्रीला विचारलं असतं, तर आत्ता गाई टेम्पोत चढल्या असत्या. एकट्या मोगरीला विचारलं असतं, तर तू आम्हालाही पापडच घातला असतास."

"म्हंजे कमी नाय?"

"नाही," नेत्रा म्हणाली. "जास्तही म्हणता येणार नाही. तो एक टक्का गाई-गाईंमधलाच फरक आहे. जुन्याइतकाच आहे."

"पुरनाचा धरला?"

"चौघींना सारखं धरलं."

"तुज्या आयनं काय नेला?"

"मी क नेनार?" काकी दारात आली. "तोलल्याबिगर एक गोली नाय नेली. तुमच्या मामाची आन."

काकाने गुडघ्यावर हात टेकले, उठला, आणि टेम्पोकडे न बघता म्हणाला, "कैलास, चा पी. मंग टेम्पो फिरव."

"रिकामा नेऊ, मामा?" कैलास म्हणाला. ओटीवरच्या गोणीतला एक तुकडा त्याने तोंडात टाकला होता. "यो आमच्या बैलांना चालंल क?"

"बैलांचं माहीत नाही," नेत्रा लगेच म्हणाली. "तुझे किती आहेत?"

"दोन."

"दोन कमी पडतील. शेजाऱ्यांचे पण घे."

कैलासचा टेम्पो मुरबाडला न जाता आधी कॅम्प तीनला गेला. सण होता, पण गोबिंदरामने शटर अर्ध्यावर उचललं आणि खाली वाकून विचारलं, "साईं, बैल मिरी खाएगा?" पुढच्या महिन्यात मुरबाडला चार टब जाणार आहेत. चार रंगांचे. सुहासिनीकाकू रोज सकाळी काळीसाठी अर्धी भाकरी घेऊन येतात. प्रयोग संपलाय हे काकीला पटलेलं नाही, ती भाकरी आधी काट्यावर ठेवायला लावते.

एकाच गोष्टीचं काय करायचं ते आम्हाला कळत नाही. काळीने पुन्हा वासराला जवळ केलंय का, हे आम्ही सगळे न बोलता बघत असतो. काका जास्त बघतो. ती वासराला मारत नाही, पण चाटतही नाही, आणि नेत्रा काही केल्या एका वेळेचा निकाल धरू देत नाही. काकाला आता तो निकाल पक्का करून हवाय, म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी पुढील अर्ज केला आहे.

प्रति,
सर्व माननीय पंचांगकर्ते, महाराष्ट्र.

विषय: वसुबारस एकाच वर्षात चार वेळा मिळणेबाबत.

महोदय,

मौजे बेलवली येथील काळी या गाईने वसुबारशीच्या सायंकाळी परक्या वासरास चाटले. सदर घटना एकदाच घडली असल्याने ती निष्कर्षास पात्र ठरत नाही. तरी आगामी पंचांगात आश्विन वद्य द्वादशी चार वेळा, दोन तिथींमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवून, घेण्यात यावी. चारही खेपेस सदर वासरू त्याच वयाचे राहील अशी तजवीज ग्रहमानात करावी. नैवेद्य, रांग व काटा यांची व्यवस्था अर्जदार स्वखर्चाने करतील.

कळावे, व शक्य तितक्या लवकर कळवावे. वासरू वाढत आहे.